वाचल्याशिवाय सही नाही

राग बारकीला शुक्रवारीच आला होता. पण या घरात राग आला की भांडी आपटायची पद्धत नव्हती, राग मसुद्यात घालायचा. तिनंही तेच केलं. कोर्ट सुटल्यावर ती मागच्या खोलीत टाइप करायला बसली ती मसुदा पुरा करूनच उठली, आणि मग इतकी पोटभर जेवली की आत्यानं विचारलं, आज कुठला दावा जिंकून आलात बाईसाहेब.

झालं होतं ते असं. वरच्या कोर्टानं दिवाणी बाजूला नवे न्यायाधीश घ्यायचं ठरवलं होतं. जुन्या वकिली कार्यालयांनी आपापलं एकेक नाव सुचवायचं आणि सोबत त्या उमेदवाराची सगळी व्यावसायिक पार्श्वभूमी शपथेवर द्यायची. कोणते दावे स्वतः तयार केले, कुणाची उलटतपासणी घेतली, कुठं युक्तिवाद केला, सगळं. खाली कार्यालयाच्या प्रमुखाची शिफारस. अशी निवड दहा-बारा वर्षांतून एकदा निघायची. पुढची निघेपर्यंत दादाचंही वय उलटलेलं असणार आणि बारकीचंही.

बाबांनी दादाचं नाव दिलं. चहा पिता पिता दिलं. घरात वकील तीन, स्वतः बाबा, त्यांचा थोरला आणि त्यांची धाकटी, पण नाव म्हटलं की थोरल्याचं हे इतकं ठरलेलं होतं की धाकटीला विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. पन्नाशीला टेकलेली बाई, अजून सगळ्यांची बारकीच. तेही तिनं गिळलं असतं. आजवर काय कमी गिळलं होतं? पण शुक्रवारी दुपारी दादानं तिच्या खोलीत डोकं घातलं आणि एखाद्या भाडेकरूची कैफियत लिहायला सांगावी तशा आवाजात म्हणाला, "बारके, माझी ती पार्श्वभूमी लिहून टाक. भिंतीचा दावा वर घे." आणि गेला. तिच्या तोंडाकडे बघायलासुद्धा थांबला नाही.

वर घे, म्हणे.

या कार्यालयातलं काम दोन जागी चालायचं. मागच्या खोलीत बारकी. अशिलाचं रडगाणं ऐकायचं, जागेवर जाऊन बघून यायचं, दावा लिहायचा, समोरच्याच्या साक्षीदाराला काय विचारायचं, कोणत्या क्रमानं विचारायचं, तो असं म्हणाला तर पुढं काय आणि तसं म्हणाला तर काय, हे सगळं कागदावर उतरवायचं. आणि कोर्टात दादा. उंच, देखणा, आवाज असा की मागच्या बाकावर पेंगणारा माणूस सावरून बसावा. बारकीचे कागद तो गाडीत बसल्यावर उघडायचा, त्याआधी कधीच नाही. तरी पहिल्यांदा वाचतोय हे कुणाच्या बापाला कळायचं नाही, इतकं तो ते आपलं करून टाकायचा. वकीलपत्रावर नाव त्याचं, निकालपत्रात नाव त्याचं. बारकी त्याच्या मागच्या खुर्चीत फायली मांडीवर घेऊन बसलेली. नवे वकील तिला त्याची कारकूनच समजायचे आणि पेन मागायचे. ती द्यायची.

भिंतीच्या दाव्यात मात्र तसं व्हायचं नव्हतं. तो तिचा पहिला दावा होता. एका बेकरीची भिंत शेजारच्या दुकानदारानं आपली म्हणून सांगितली होती. बेकरी आधीपासून होती, भिंत मी नंतर माझ्या खर्चानं बांधली, असं त्याचं म्हणणं. बारकीनं दोन दिवस त्या बेकरीत काढले, भट्टीच्या धगीत उभी राहिली, आणि प्रश्न काढले ते फक्त तीन. वकीलपत्रावर नाव तिचं होतं. मग बाबांनी एक दिवस तिला बोलावून सांगितलं की बेकरीवाला कां कू करतोय, मुलगी उभी राहणार म्हटल्यावर त्याचा जीव धजत नाही, या वेळी दादाला उभं राहू दे. तिनं ऐकलं. त्या दिवसापासून तिनं त्या बेकरीचा पाव तोंडात घातलेला नाही. दुकान दिसलं की ती रस्ता ओलांडून पलीकडे जाते. म्हातारा बेकरीवाला अजून हात करतो, ताई, आमच्यावर राग का हो, असं ओरडून विचारतो, आणि ती ऐकू न आल्यासारखं करते.

राहता राहिला कार्यालयाचा नियम. तो बाबांचा. वाचल्याशिवाय सही नाही. शपथपत्रावर सही करणाऱ्यानं बाबांच्या टेबलासमोर उभं राहायचं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचायचं, चारचौघांच्या देखत. जीभ अडखळली की बाबा पेन पुढं करायचे आणि म्हणायचे, खोडा ते. अशील गयावया करायचा, साहेब, खरं आहे हो, जरा घसा बसलाय. बाबा ऐकून घ्यायचे नाहीत. आजोबा कोर्टाच्या दारात टेबल टाकून लोकांचे कागद लिहून द्यायचे, त्या काळी एका माणसानं कागद न ऐकताच अंगठा उठवला आणि त्याचं राहतं घर गेलं. आजोबांनी ते मरेपर्यंत मनाला लावून घेतलं होतं. बाबांना आपल्या नियमाचा भारी अभिमान. त्यांच्या ओळखीचा एकही माणूस असा नसेल ज्याला त्यांनी तो ऐकवला नाही.

म्हणजे शनिवारी दादा वाचणार होता. उभं राहून, मोठ्यानं, सगळ्यांच्या समोर. आणि सवयीप्रमाणे आधी न बघता.

*

वहिनीनं वरच्या घरातल्या चांगल्या खुर्च्या खाली कार्यालयात आणवल्या. फायलींचे गठ्ठे कोपऱ्यात सारले, बाबांच्या टेबलावरची काच ओल्या फडक्यानं पुसली, आत्याला उजेडाच्या बाजूला बसवलं. तिला आज कुणी कामाला लावलं नव्हतं, पण तिचे हात थांबत नव्हते. नवरा न्यायाधीश होणार म्हणून खूश होती हे खरंच, पण त्याहून जास्त तिला भिंतीचा दावा परत ऐकायचा होता.

कारण तो दावा म्हणजे तिचं लग्न. तिचे वडील इमारतींचे कंत्राटदार. माणूस गोड बोलून काही कळत नाही, कामात बघितला पाहिजे, असं त्यांचं मत. दादाचं स्थळ आलं तेव्हा ते तिला घेऊन सरळ कोर्टात जाऊन बसले होते. मागच्या बाकावर. तिला खरं तर यायचं नव्हतं. आणि मग हा उंच मुलगा उठला आणि साक्षीदाराला अगदी मऊ आवाजात विचारलं, तुम्ही शेजारी राहायला आलात तेव्हा बेकरीच्या धुराड्यातून धूर निघत होता का. साक्षीदार म्हणाला, हो, पहिल्या दिवसापासून. ते धुराडं या भिंतीच्या पोटातच आहे ना? हो. मग तुमची भिंत उठायच्या आधी ते धुराडं कशावर उभं होतं?

सगळं कोर्ट हसलं होतं. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला होता. तिचे वडील, ज्यांनी जन्मभर भिंती बांधल्या, ते तिच्या कानात म्हणाले, असा प्रश्न भिंतीला हात लावून बघितलेल्या माणसालाच सुचतो. हा मुलगा कामाचा आहे. आणि वहिनीनं तिथल्या तिथं मनातून हो म्हणून टाकलं होतं. नंतर संसारात दादा विसराळू निघाला, आळशी निघाला, स्वतःचा मोजा कुठं आहे हे त्याला कधी माहीत नसायचं, पण ती दर वेळी स्वतःला सांगायची, असू दे, डोकं बघ त्याचं.

बारकी आली आणि मसुदा दादाच्या हातात देऊन दाराशी उभी राहिली. वहिनीनं तिला बस म्हटलं. ती म्हणाली, नको, उभीच बरी आहे. वहिनीला ते खटकलं. एवढ्या आनंदाच्या दिवशी हिचं तोंड असं का, असं वाटून तिला जरा रागच आला.

*

दादानं घसा साफ केला आणि सुरुवात केली. मी, खाली सही करणार, दिवाणी वकील, शपथेवर लिहून देतो की. आवाज छान लागला होता. शिक्षण झालं, वडिलांच्या कार्यालयात आलो ते झालं, आत्या मान डोलावत होती. मग भिंतीचा दावा आला आणि त्यानं आपोआप आवाज थोडा खाली आणला, कोर्टात आणायचा तसा.

"सदर दाव्यात मी साक्षीदाराची उलटतपासणी घेतली. उलटतपासणीतले सर्व प्रश्न माझ्या धाकट्या बहिणीने तयार केले होते. जागेची पाहणीही तिनेच केली होती. मी ती भिंत आजपर्यंत पाहिलेली नाही."

तो थांबला तो इथं. आधी नाही. बारकीच्या हातचा कागद म्हणजे बरोबर असणारच, हे त्याच्या हाडात इतकं मुरलं होतं की जीभ पुढं गेली आणि डोकं मागून धावत आलं. त्यानं पुढच्या ओळीवर नजर टाकली. तिथं बंधाऱ्याच्या पाण्याचा दावा होता आणि त्याच्यापुढंही तेच. बहिणीने. बहिणीने. पान उलटलं. तिथंही.

आणि बाबांनी, अडखळलेला माणूस समोर दिसला की त्यांचा हात आपोआप जायचा तसा, टेबलावरचं पेन उचलून पुढं केलं. "खोड ते."

दादानं पेन घेतलंसुद्धा.

"खोड," बारकी दारातून म्हणाली. "खोटं असेल तर खोड. मी बघते कुठलं वाक्य खोडतोस ते."

त्याच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. हे काय चालवलंय, असं त्यानं विचारलं. चारचौघांत उभं करून केसानं गळा कापायचा होता तर आधी सांगायचंस. बारकी म्हणाली की तू पार्श्वभूमी लिहायला सांगितलीस, मी लिहिली, मला माहीत आहे तेवढीच लिहिली. यावर दादा जे बोलला ते अगदीच चुकीचं नव्हतं, हे सांगायला पाहिजे. मागच्या खोलीत बसून प्रश्न काढणं सोपं असतं, तो म्हणाला. साक्षीदार फिरला की कोण असतं तिथं? न्यायाधीश खेकसले की कुणाच्या अंगावर खेकसतात? अशील हरला की रडत कुणाच्या गळ्यात पडतो? मार खायला मी आणि पार्श्वभूमी तुझी, असं कसं?

"ते पुढच्या परिच्छेदात आहे," बारकी म्हणाली. "आवाज तुझा, छाती तुझी, ऐनवेळचं भान तुझं. सगळं लिहिलंय. मी तुझं काही घेतलेलं नाही, दादा. माझं आहे तेवढं माझ्याकडे ठेवलंय."

आता आत्याला राहवेना. ती बाबांची मोठी बहीण. दोन्ही पोरांची आई गेल्यापासून तिनंच यांना वाढवलं होतं आणि या घरात बाबांना अरे म्हणणारी ती एकटीच. ती बारकीवर तुटून पडली. खाल्ल्या घरचे वासे मोजतेस, म्हणाली. घरात न्यायाधीश येतोय, तो या हातानं आला काय आणि त्या हातानं आला काय, घर तर एकच ना? बहिणीनं भावाला दोन ओळी लिहून दिल्या तर त्याचा हिशेब मांडायचा असतो का? माझ्या शाळेत मी किती मुख्याध्यापकांची भाषणं लिहून दिली, गेले का मी कधी मिरवायला?

"जायला हवं होतंत," बारकी म्हणाली, आणि आत्यानं पदराचं टोक बोटांत धरलं.

*

या सगळ्या गदारोळात वहिनी बोलली नव्हती. ती दादाकडे बघत होती. तिच्या डोक्यात एकच वाक्य घण घातल्यासारखं पडत होतं, मी ती भिंत आजपर्यंत पाहिलेली नाही. भिंतीला हात लावून बघितलेल्या माणसालाच सुचतो, असं तिचे वडील म्हणाले होते. बरोबरच म्हणाले होते की. माणूस तेवढा चुकीचा धरला होता.

तिनं विचारलं, "ते तीन प्रश्न तुमचे नव्हते?"

अगं, मुद्दा तो नाहीये, दादा म्हणाला. मुद्दा असा आहे की कोर्टात.

"मला एवढंच सांगा, ते धुराडं कशावर उभं होतं हा प्रश्न कुणाला सुचला?"

दादानं बारकीकडे पाहिलं. ते पाहणंच पुरे होतं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागली, आणि आज तिनं पहिल्यांदा नवऱ्याला अरे म्हटलं. "मला सुद्धा सांगितलं नाहीस, अरे? मी सगळ्यांना सांगत फिरले. माझ्या पोरांना झोपताना गोष्टीसारखं सांगितलं मी ते. तू शेजारी पडून ऐकायचास."

दादा खाली बघायला लागला. त्याला बारकीचा राग सोसत होता, लहानपणापासूनची सवय होती. हे सोसेना.

आणि इथं आत्यानं घोळ केला. भाच्याची कड घ्यायला म्हणून बोलली आणि सगळं चव्हाट्यावर आणून मोकळी झाली. अगं, त्याला का बोलतेस, ती वहिनीला म्हणाली. त्याचा काय दोष? तुझे वडील मुलगा कामात बघायला येणार म्हणून निरोप आला आणि याच्या हातात धड एक दावा नव्हता. आधीचे दोन हरलेले. तेव्हा मीच म्हटलं तुझ्या सासऱ्याला, बारकीचा भिंतीचा आहे ना तयार, तो दे याला, लग्न तर जमू दे. पोरीला काय, दावे येत राहतील.

बोलून झाल्यावर तिला कळलं. तोवर उशीर झाला होता.

बारकी दारापासून दोन पावलं आत आली. "बेकरीवाला नको म्हणाला होता," ती बाबांना म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "तुम्ही मला सांगितलंत. मुलगी उभी राहणार म्हणून तो तयार नाही, असं सांगितलंत."

बाबांनी टेबलावरची काच निष्कारण पुसली. जुनं उकरून काय मिळणार, म्हणाले.

"तो नको म्हणाला होता का?"

बाबा काच पुसतच राहिले.

"बाबा, हो किंवा नाही."

हो किंवा नाही हे बाबांचंच. साक्षीदाराला कोंडीत धरायचं तर त्याला तिसरं उत्तर ठेवायचं नाही, हे त्यांनी दोन्ही पोरांना जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतं. दादाला शिकवताना ते मोठ्यानं बोलायचे, बारकी आपलं पलीकडे बसून ऐकायची.

"नाही," बाबा म्हणाले. "त्याला तूच हवी होतीस."

बारकीला वाटलं होतं की आजवरचा सगळा राग तिनं मसुद्यात घालून संपवलाय. कसलं काय. तो तर नुसता वरचा होता. एका भल्या म्हाताऱ्याला तिनं इतकी वर्षं पाठ दाखवली होती. तो हात करायचा आणि ती रस्ता ओलांडायची. बाबांना ते ठाऊक होतं. एकदा तर ते बरोबर होते, तिच्या मागोमाग मुकाट्यानं रस्ता ओलांडून आले होते.

*

तिनं ओरडायला हवं होतं. वहिनीला वाटलं, आता ही काहीतरी फेकणार, आणि खरं सांगायचं तर वहिनीची तिला कागददाबणी उचलून द्यायची तयारी होती. पण बारकी टेबलापाशी गेली आणि काचेवर पडलेला एक कागद तिनं बोटानं बाबांच्या समोर सरकवला. दादासाठीची शिफारस. कारकुनानं टाइप करून दिलेली, खाली बाबांची सही सकाळीच झालेली.

"ही वाचलीत?"

वाचली ना, बाबा म्हणाले.

"उभं राहून? मोठ्यानं?"

नियम शपथपत्रापुरता आहे, बाबा म्हणाले, शिफारशीला तो लागू होत नाही. वकिलासारखं बोलले. खोलीत तीन वकील होते, त्यातल्या दोघांना हे उत्तर किती पोकळ आहे ते लगेच कळलं, आणि त्यातला एक दादा होता. त्याची मान आणखी खाली गेली.

बाबा बहिणीकडे बघू लागले. ती या बाजूची, ती काहीतरी म्हणेल. पण आत्या कधीपासून आपल्या पदराचं टोक पिळत बसली होती. मुख्याध्यापकांची भाषणं तिच्या डोक्यात फिरत होती की भावाचं खोटं, कोण जाणे. ती म्हणाली, "उभा राहा."

अगं, पण.

"उभा राहा म्हटलं ना तुला. वाच."

बाबा उठले. या टेबलासमोर त्यांनी लोकांना उभं केलं होतं, विधवांना, सावकारांना, रडणाऱ्यांना, माजलेल्यांना. स्वतः कधी उभे राहिले नव्हते. टेबलाची बाजू तीच, पण पायाखालची जमीन निराळी वाटली त्यांना. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. मी या कार्यालयाचा प्रमुख या नात्याने शिफारस करतो की माझा मुलगा हा, इथवर ठीक होतं. दिवाणी कामाचा दीर्घ अनुभव असलेला, तेही ठीक.

"माझ्या प्रत्यक्ष माहितीप्रमाणे सदर सर्व दावे त्याने स्वतः." पुढचा शब्द होता तयार. तो काही तोंडातून निघेना. बाबा खाकरले, पुन्हा मागून धरलं. "सदर सर्व दावे त्याने स्वतः." पुन्हा तिथंच. पाणी मागितलं त्यांनी. कुणी दिलं नाही.

जरा घसा बसलाय, ते म्हणाले.

आणि मग पेन पुढं आलं. बारकीनं केलं नव्हतं. वहिनीनं दादाच्या बोटांतून पेन काढून घेतलं होतं आणि सासऱ्यांसमोर धरलं होतं. "खोडा ते," ती म्हणाली.

बाबांनी खोडलं. एकच ओळ, पण ती गेल्यावर शिफारशीत शिफारस म्हणून काही उरलं नाही. ते कागदाकडे बघत राहिले आणि मग एकदम थकल्यासारखे खुर्चीत बसले. बरं, म्हणाले. झालं ते झालं. तुझं नाव देऊ. बारके, घे, तुझी शिफारस लिहून आण, मी सही करतो.

इतकं सरळ म्हणाले. चहा पिता पिता म्हणावं तसं. त्यात आपण काही भयंकर बोललो हे त्यांना कळलंही नाही. वहिनी आणि दादा, दोघांनी एकाच वेळी बारकीकडे पाहिलं.

"मी नाही लिहिणार," बारकी म्हणाली. "तुम्ही लिहा. तुमच्या हातानं."

मला कुठं आता लिहायला जमतं, बाबा म्हणाले. किती वर्षांत मी कोरा कागद घेतलेला नाही. सुरुवात कशी करायची तेवढं सांग.

बारकीनं सांगितलं नाही. बाबांनी खणातून कोरा कागद काढला, पेन उघडलं आणि बसले. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, कुणीतरी शटर ओढून बंद केलं. बाबा दोन शब्द लिहायचे आणि थांबायचे. जगातल्या सगळ्या गोष्टींवर मत असलेला माणूस, आणि आपल्या मुलीबद्दल एक ओळ सुचत नव्हती.

दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. मग वळून, अगदी सवयीनं, त्याच्या स्वतःच्याही लक्षात यायच्या आत त्यानं विचारलं, "सोमवारच्या साक्षीदाराचे प्रश्न झालेत का गं?"

वहिनीनं कपाळाला हात लावला.

"झालेत," बारकी म्हणाली. "माझ्या पिशवीत आहेत. सोमवारी मी उभी राहणार आहे. वकीलपत्र माझ्या नावाचं केलंय, अशिलाची सही सकाळीच घेतली. तुला यायचं असेल तर ये. मागची खुर्ची रिकामी असेल."

चिडायला दादापाशी शब्द नव्हते. आजवर ते त्याला लिहून मिळायचे.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले होते. कुणी सांगितलं नव्हतं. कागद हातात धरून त्यांनी वाचलं. अक्षर इतकं वाकडंतिकडं आलं होतं की त्यांना कागद डोळ्यांजवळ घ्यावा लागला.

"भिंतीच्या दाव्यात वकीलपत्रावर माझ्या मुलीचे नाव होते. दावा तिने तयार केला होता. तिचे नाव मी काढले. अशिलाची हरकत नव्हती. हरकत आहे, असे मी तिला खोटे सांगितले."

कुठं अडखळले नाहीत. वाचून झाल्यावर ते बारकीकडे बघत राहिले. ती आता रडेल, किंवा बाबा, पुरे, म्हणेल, असं काहीतरी त्यांच्या तोंडावर होतं. आत्या तर रडतच होती. बाबांनी कागद काचेवर ठेवला आणि सही करायला वाकले.

बारकीनं कागदावर हात ठेवला.

"सही नंतर," ती म्हणाली. "हा एक झाला. पुढचा बंधाऱ्याचा. लिहा."

आणि वहिनीनं वरून आणवलेली चांगली खुर्ची टेबलासमोर ओढून ती बसली.